डावा अर्धा इंच

“पण उस्ताद, डावी बाजू अर्धा इंच वर राहतीच कशी?”

रणधीर चौगुलेनं हे गाडीखालून विचारलं. तोंड दिसत नव्हतं ते बरंच. रडकुंडीला आलेला इंजिनियर बघायला सगळी गॅरेज गल्ली टपलेली होती.

दस्तगीर उस्ताद खुर्चीत बसून बशीतला चहा फुंकत राहिले...

ह्यात उस्तादांचा काही दोष नव्हता. सोमवारी ह्याच रणधीरनं छाती फुगवून गल्लीला सांगितलं होतं, की इनामदारबाईंची बावन्न सालची मॉरिस गाडी मी एकटा दोन्हीकडून सारख्या उंचीला बसवतो, उस्तादांनी बोटसुद्धा लावायचं नाही. उस्ताद म्हणाले, बरं. गुरुवारी चारला बाई गाडी न्यायला येतील. तोवर दोन्ही बाजू सारख्या झाल्या तर गॅरेजातल्या सगळ्या जुन्या गाड्या तुझ्या हाती. नाहीतर वर्षभर रॉकेलमध्ये नटबोल्ट धुवायचे.

आज गुरुवार. तीन वाजून गेलेले.

तीन दिवस ह्याचा एकच उद्योग. गाडी जॅकवर चढवायची, पुढचं चाक तोलणारी पिळाची सळई एक दात फिरवायची, जॅक काढायचा आणि लगेच जमिनीपासून मडगार्डपर्यंत पट्टी लावायची. कधी डावी वर, कधी उजवी वर. घरी भाकरीसुद्धा दोन्हीकडून मोजून खातो, असं त्याची आई सांगत फिरत होती.

“सोमवारची खूण हाय का?” उस्तादांनी विचारलं.

होती. गाडीच्या पुस्तकात बघून पहिल्यांदा सळई बसवली, तेव्हा खडूनं केलेली.

“तिथं ने.”

तीन दिवसांची हमाली वाया... पण रणधीरनं सळई जुन्या खुणेवर नेली. जॅक काढला. पट्टी लावली.

डावी बाजू अर्धा इंच वर.

साडेतीन झाले होते. त्यानं पुन्हा पान्याकडं हात नेला.

उस्ताद उठले. त्याच्या हातातली पट्टी काढून घेतली आणि तिनं निवांत आपली पाठ खाजवायला लागले.

“हँडब्रेक सोड. ढकल.”

“कुठं?”

“लिंबापातूर. अन् परत.”

वेळ कुठला? तरी ढकलली. गाडी खड्ड्यातून डुलली, कुरकुरली, चाकांवर दबत दबत कोपऱ्यावरच्या लिंबाच्या झाडापर्यंत गेली आणि तशीच मागं आली. पेट्रोल परवडंना व्हय, असं समोरच्या पंक्चरवाल्यानं विचारून घेतलं. रणधीरनं मान वर केली नाही.

जागेवर आल्यावर उस्तादांनी पट्टी परत दिली.

त्यानं डावी मोजली. उजवी मोजली. विश्वास बसेना म्हणून पुन्हा डावी मोजली...

दोन्ही सारख्या.

गल्लीच्या तोंडाशी बाईंची रिक्षा वळत होती.

“म्हणजे सोमवारीच बरोबर होतं?”

उस्ताद खुर्चीकडं वळले.

“मग माझं चुकलं काय, उस्ताद? जॅक काढला, गाडी जमिनीवर उतरवली, मगच मोजलं की.”

“उतरवलीस,” उस्ताद म्हणाले. “पोचू कुठं दिलीस?”