बावीस जणांचे एकच उत्तर

एकदा एका नगराचे रस्ते इतके चकचकीत झाले, की राज्यभर त्याचा बोलबाला झाला. असे कौतुक ऐकले की माझ्या मनात पाल चुकचुकते. पण नगराच्या मुख्याधिकाऱ्याची छाती मात्र अभिमानाने फुगली होती. हा तरुण अधिकारी लहानपणी एका वृद्ध शिक्षकांच्या हाताखाली शिकला होता आणि अजूनही स्वतःला त्यांचा शिष्यच मानत असे.

कचरा उचलण्याच्या कंत्राटाची मुदत संपत आली होती. ते आणखी तीन वर्षे त्याच कंत्राटदाराला द्यायचे, तर शिष्याने एका दाखल्यावर सही करणे आवश्यक होते. या कामावर कोणालाही त्याच्या मर्जीविरुद्ध राबवले जात नाही, असे त्यात लिहिले होते. सही करण्यापूर्वी तो गुरुजींच्या पाया पडायला गेला.

"चौकशी केलीस?" गुरुजींनी विचारले.

"आजच सकाळी स्वतः केली, गुरुजी. परगावाहून आणलेले बावीस कामगार आहेत. कंत्राटदाराला आणि मुकादमाला शेजारी उभे करून एकेकाला विचारले, तुला काही त्रास आहे का? सगळे म्हणाले, समदं बरं हाय साहेब, जेवण येळेवर, कसलाच तरास न्हाई."

"बावीसही जण?"

"अक्षरशः बावीसही जण!"

गुरुजींनी हातातली ताकाची वाटी खाली ठेवली. "तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासल्या मी. बावीस मुलांनी एकच उत्तर एकाच शब्दांत लिहिले, तर मी त्यांना शाबासकी देत नसे. कोणी लिहून दिले, ते शोधत असे."

"तुम्ही फार संशयी आहात, गुरुजी," शिष्य हसून म्हणाला.

"असेन. उद्या मला तिथे घेऊन चल. सही तोवर राहू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे कचरा निवडण्याच्या शेडमध्ये गेले. कंत्राटदाराने शाल-श्रीफळ तयारच ठेवले होते. साखर जरा जास्तच घातलेला चहा आला. मुकादम गुरुजींच्या मागे-पुढे असा करत होता, की जणू पाहुणा एखाद्या कामगाराशी बोलला तर शेडच कोसळेल. कामगार लांबलचक ओट्याभोवती उभे राहून सुका कचरा निवडत होते. कोणीही मान वर करत नव्हते. गुरुजींनी कोणालाही एक शब्द विचारला नाही. मुकादमाचे लक्ष चहाच्या कपांकडे गेले तेवढ्यात त्यांनी खिशातून स्वतःचे आधार कार्ड काढले आणि ओट्यावरच्या ढिगात टाकून दिले.

शिष्य चपापला. वयामुळे गुरुजींचे काही बिनसले की काय, अशी शंका त्याला चाटून गेली. तो काही बोलणार, तोच गुरुजींनी त्याचे मनगट दाबले.

ढिगात पुठ्ठे होते, वेष्टने होती, लग्नपत्रिका होत्या. कामगारांचे हात यंत्रासारखे चालत होते. मग चाळिशीचा एक माणूस थांबला. मुकादम त्याला नागोराव म्हणून हाका मारत असे. त्याने कार्ड उचलले, सदऱ्याला पुसले, त्यावरचा फोटो न्याहाळला आणि गुरुजींपुढे येऊन दोन्ही हातांनी त्यांना दिले.

"बाबा, हे असं पडू देऊ नगा," तो हलक्या आवाजात म्हणाला. "एकदा हातचं गेलं, की मग जाताच येत न्हाई."

"कुठे जाता येत नाही?"

नागोरावाची नजर मुकादमाच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाकडे गेली आणि झटकन परत आली. ती शिष्याने पाहिली.

"कपाट उघडा," शिष्य म्हणाला.

मुकादमाला किल्ली सापडेना. सरकारी माणूस हटत नाही असे दिसल्यावर मात्र ती त्याच्याच करगोट्याला सापडली. कपाटात रबर लावलेली बावीस आधार कार्डे होती आणि बावीस मोबाईल होते.

"हरवू नयेत म्हणून ठेवलीत, साहेब!" कंत्राटदार पुढे झाला. "अडाणी माणसं ही. आम्ही काय मारतो त्यांना? साखळदंड बांधलेत?"

"नागोराव," शिष्याने विचारले, "तू मागितलं होतंस तुझं कार्ड?"

नागोरावाने एकदा मुकादमाकडे पाहिले. मग त्याच्या तोंडून सगळे एकदम बाहेर पडले. "दोन महिने मागतोय. माय अंथरुणाला खिळल्याचा सांगावा आला. मुकादम म्हन्ला, कार्डाबिगर गाडीत बसशील, पन पुढं कुठं काम मिळंल? चोर म्हनून धरून आनतील तुला. काल तुमी इचारलं, तवा ह्यो तुमच्या खांद्याशीच हुबा व्हता, साहेब."

शिष्याचा चेहरा उतरला. आपण काल स्वच्छ मनाने केलेली चौकशी या माणसासाठी दार लावण्यासारखी झाली होती, हे त्याला कळले आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

गुरुजी म्हणाले, "ऐक. धनी शेजारी उभा असेल, तर उत्तर धन्याचे असते; तोंड तेवढे कामगाराचे. म्हणून मी प्रश्न विचारलाच नाही. माणसाला अडकवायला साखळी लागते असे थोडेच आहे? त्याच्यापाशी जे नसले तर तो कुठे जाऊ शकत नाही, तेवढे काढून घेतले की पुरते. त्याला अडवणारी वस्तू दुसऱ्याची जरी समोर आली, तरी हात तिथेच थांबतो. कार्ड टाकताना माझी खात्री नव्हती. संशय होता. पण ज्याच्या सहीवर दुसऱ्याचे जगणे अवलंबून असते, त्याला संशय घेण्याचा आळस परवडत नाही."

शिष्याने दाखला फाडला नाही. तो सही न करताच फाइलला लावला, कामगार अधिकाऱ्यांना आणि पोलिसांना तिथूनच फोन केला. पुढची चौकशी मुकादमाविना, एकेकाशी, त्यांच्या राहत्या जागी होईल, असे लिहून काढले. मग स्वतःच्या हाताने प्रत्येकाचे कार्ड आणि मोबाईल त्याला दिला.

काही जण तिथेच बसून घरी फोन लावू लागले. नागोराव कार्ड मुठीत धरून फाटकाशी गेला आणि तिथून परत आला. शिष्यासमोर उभा राहून म्हणाला, "साहेब, जाऊ का?"

"जा, जा," शिष्य गहिवरून म्हणाला.

गुरुजींनी मान हलवली. "आता तूच परवानगी देऊ लागलास."

शिष्य क्षणभर ओशाळला. मग म्हणाला, "नागोराव, मला विचारू नका. ते तुमचं तुम्ही ठरवायचं."

ते वाक्य नागोरावाच्या पचनी पडायला थोडा वेळ लागला. मग तो वळला आणि कोणालाही नमस्कार न करता, मागे न पाहता, सरळ फाटकाबाहेर निघून गेला. आणि शिष्याला त्याचा मुळीच राग आला नाही.