पेले विसळलेलं पाणी

बारा एप्रिल, शनिवार. सकाळी नऊलाच ऊन रणरणत होतं आणि वारा अगदी पडलेला होता. त्या दिवशी नगराध्यक्ष ढमाले यांनी एसटी स्टँडसमोर आपल्या नावाची, वर आपला मोठा फोटो लावलेली पाणपोई सुरू केली. शेजारीच अनसूयाकाकूंच्या गल्लीने लावलेली कडुलिंबाची अकरा रोपं माना टाकून उभी होती, कारण त्यांचा नळ ढमाल्यांनीच बंद करवला होता.

काकूंनी नळ परत मागितला. ढमाले सगळ्यांदेखत म्हणाले, "पाणी माणसांसाठी आहे, काकू. पावसापर्यंत झाडांना थेंबही मिळणार नाही!"

रोपं आठवडाभरही तगणार नाहीत, हे काकूंना दिसत होतं. तरी त्या वाद घालत बसल्या नाहीत. "बरं साहेब, एवढंच सांगा. लोक पेले विसळून पाणी टाकणार, ते कुठं जाऊ द्यायचं? इथं साचलं तर तुमच्या फोटोखालीच डुकरं लोळतील."

लोक हसले. ढमाले गोरेमोरे झाले. "चर खणा आणि घालवा तिकडं कुठंही! माझ्या फोटोखाली चिखल नको!"

संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या बायकांनी चर खणला, तो थेट रोपांच्या आळ्यांतून. दुसऱ्या दिवशी ढमाले कडाडले, "शेवटी झाडांना पाणी दिलंतच ना?"

"छे हो!" काकू म्हणाल्या. "आम्ही तुमच्या हुकमाप्रमाणे चिखल घालवतोय. आळी वाटेत आली, त्याला आम्ही काय करणार? सांगा, बुजवू का चर?"

ढमाल्यांनी एकदा आपल्या फोटोकडे पाहिलं आणि ते गाडीत जाऊन बसले.

पाऊस सोळा जूनला आला. तोवर अकराही रोपं जगली होती.