लावीचा ससाणा

त्या माळावर दोन प्रकारचे पक्षी राहत: दिसणारे आणि न दिसणारे. दिसणारे म्हणजे मोर. न दिसणारे म्हणजे लावे, तितर, चंडोल, टिटव्या. सगळे मातीच्या रंगाचे, मातीतच अंडी घालणारे. त्यांच्या पिल्लांच्या शाळेत पहिला धडा एकच असे. ससाण्याची आरोळी ऐकू आली की पोट जमिनीला टेकवायचं आणि आपण ढेकूळ आहोत असं समजायचं. हा धडा इतका पक्का होई की पुष्कळ पिल्लं ससाणा गेल्यावरही ढेकूळच राहत.

लावीचं पिल्लू भुरू त्यांतलंच. नुसती हाक मारली तरी तो दबे. चार पक्ष्यांत त्यानं चोच उघडलेली लावीनं कधी पाहिली नव्हती, आणि याचं पुढे कसं होणार, या काळजीनं तिला दाणा गोड लागत नसे.

मोरांच्या पिल्लांचं असं नव्हतं. त्यांच्यासाठी टेकडीवर रिंगण होतं. तिथं घटकाभर वाघ होता येई, राजा होता येई, धाय मोकलून रडता येई, आणि पाहणारे वर वाहवा करत. आत शिरायला शेपटीचं एक पीस द्यावं लागे. मोराला एका पिसाचं ते काय! लाव्यांना मात्र शेपटीच मुळात नावाला असते.

शाळेत शिकवणाऱ्या टिटवीबाई एकदा मोरांकडे गेल्या आणि आमच्या पिल्लांना पीस माफ करा म्हणाल्या. मोर हसले. "नाचता येईना, अंगण वाकडं," एवढं बोलून त्यांनी पाठ फिरवली. बाई घरी आल्या त्या तणतणतच.

खरं तर टिटव्यांचं अख्खं घराणं नटांचं. कोल्हा अंड्यांजवळ आला की पंख मोडल्याचं सोंग करायचं, विव्हळत, फरफटत त्याला लांब न्यायचं, हे बाईंच्या आजीनं केलं, आईनंही केलं. त्याला कुणी कला म्हटलं नाही. ते घरकामात गेलं. बाईंनी ठरवलं, आपल्याला येतं तेच शिकवायचं.

माळाच्या कडेला एक आटलेलं तळं होतं. शाळा सुटली की बाई पिल्लांना त्या खोलगटात जमवू लागल्या. बसायला गवताची एक काडी आणायची, एवढीच अट. ज्याला काडी मिळाली नसेल त्यानं शेजाऱ्याच्या काडीवर सरकून बसायचं.

पहिले काही दिवस भुरूनं दगडाचं काम केलं. ते त्याला उत्तम जमलं. मग बाईंनी त्याच्या पंखांना पळसाची दोन पानं बांधली आणि विचारलं, "तू ज्याला भितोस ना, तो ओरडतो कसा रे?" त्यानंतर चौथ्या दिवशी त्यानं बाईंच्या कानात उत्तर दिलं. तालमी संपेपर्यंत तो आवाज कुजबुजीच्या वर गेला नाही.

मोरांना हे खुपलं. माळाचा पंच होता वयोवृद्ध माळढोक. ढेकळांना कसलं आलंय नाटक, ते तळं आम्हाला द्या, अशी तक्रार घेऊन मोर त्याच्याकडे गेले. माळढोकानं दोन्हीकडचं ऐकून घेतलं. प्रयोग बघू, खरा वाटला तर जागा त्यांची, नाही तर तुमची, असा त्यानं निवाडा दिला.

प्रयोगाच्या सकाळी तळं भरून गेलं. चंडोलाची पिल्लं आधीच अर्धे शब्द गिळून बसली होती. भुरूची पाळी आली, आणि तो नुसताच उभा राहिला. मोर एकमेकांकडे बघून खाकरले. लावीला ते बघवेना. तिनं डोळे मिटून घेतले.

आणि ससाण्याची आरोळी उठली.

सगळं तळं एका झटक्यात सपाट झालं. लावे दबले, तितर दबले. मोर शेजारच्या झुडपात घुसले. पंच माळढोकाची चोच धुळीत रुतली. ज्यांनी हे शिकवलं त्या टिटवीबाईसुद्धा पंख फरफटत, विव्हळत माळाकडे निघाल्या होत्या.

मधोमध भुरू तेवढा उभा. आपल्या हातून काहीतरी भलतंच झालं असं वाटून तो रडवेला झाला.

"आई, अगं मीच आहे! बघ ना, पानं बांधलीयत!"

आधी एक चंडोल फिसकन हसला. मग सगळेच हसत सुटले. लावीचा जीव भांड्यात पडला. तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं. बाई बऱ्याच लांबवर गेल्यावर थांबल्या, पंख नीट मिटला आणि ओशाळून परत आल्या. माळढोकानं पोटावरची धूळ झटकली.

"जागा यांची," तो म्हणाला. मग चोचीवरची माती पुसत म्हणाला, "पण पुढच्या खेपेला आधी सांगत जा रे बाबांनो."

खेळ पुन्हा सुरू झाला. भुरू पुढे आला, त्यानं पळसाची पानं पसरली आणि आधीपेक्षा मोठ्यानं आरोळी ठोकली. लावी चवड्यांवर उभी राहिली होती. तिची मान गवताच्या इतकी वर आली होती की माळाच्या पलीकडूनही कुणाला सहज दिसली असती. शेजारच्या अनोळखी तितराला तिनं पंखानं डिवचलं.

"तो ससाणा दिसतोय ना?" ती म्हणाली. "तो आमचा."