गैरहजरांची हजेरी

“पण गुरुजी, जिवंत माणसाचं भूत होतं का?”

मास्तरबुवांनी समईची वात पुढे सारली. बोटाला लागलेलं तेल डोक्याला पुसलं.

“भूत आहे म्हणून कोणी सांगितलं तुला?”

“मग रिकाम्या वर्गातून आवाज कोणाचा येतो?”

विचारणारे होते डॉ. प्रल्हाद कापगते, देवटोल्याच्या शासकीय महाविद्यालयाचे प्राचार्य. गाडी तलावाच्या पाळीवर उभी करून मठापर्यंत चालत आले होते. दिवेलागणीची वेळ होती. लहानपणी याच मास्तरांच्या हाताखाली ते चौथीपर्यंत शिकले. नोकरी संपल्यावर मास्तर इथं येऊन राहिले आणि लोक त्यांना मास्तरबुवा म्हणू लागले.

प्राचार्य झाल्यापासून कापगत्यांना मठाची वाट आठवली नव्हती. आज आठवली. गरज पडली की रस्ते आपोआप सापडतात माणसाला.

“सुरुवातीपासून सांग.”

“मूल्यांकन समिती आली होती, गुरुजी. कॉलेजला श्रेणी द्यायला. प्रवेश किती, निकाल किती, विद्यार्थ्यांना मदत काय मिळते... सगळं पाहतात.”

“मंग?”

“प्रवेश भरपूर होते. वर्गात पोरं नव्हती.”

“कुठं गेली?”

“गेली... कुठंकुठं. दरवर्षी जातात.”

“बरं. पुढं?”

कापगत्यांनी मग जे सांगितलं, त्यात त्यांना स्वतःला काही वावगं वाटत नव्हतं. तपासणीला पोरं मागून आणायची त्या भागात रीतच आहे. लग्नघरी शेजारची भांडी आणावीत, तशी शाळा कॉलेजकडून आणते, कॉलेज शाळेकडून आणतं. काम झालं की परत. भांडी निदान घासून तरी देतात.

त्यांनी शेजारच्या आयटीआयची पोरं आणली. गणवेश दिले, बाकांवर बसवलं, आणि प्रत्येकाला एकेका गैरहजर मुलाचं नाव वाटून दिलं. तुझं नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणायचं, एवढंच काम. समितीच्या अध्यक्षांना हजेरी ऐकायचीच होती. ऐकली. वर्ग खणखणीत बोलला. तक्रारपेटीला नवा रंग दिला होता, तोही त्यांना आवडला.

“श्रेणी?”

“अ.” एवढं सांगताना कापगत्यांची मान जरा ताठ झाली. “जिल्ह्यात कोणालाच नाही.”

“वा.”

“पोरं परत गेली, गुरुजी. आम्ही पेढे वाटले. मग सोमवारी बोरकुटे मॅडम वर्गावर गेल्या. समोर निम्मीच मुलं. सवयीनं त्यांनी पूर्ण हजेरी घेतली...”

त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं.

“आणि जी नव्हती, त्यांनी ओ दिली.”

तलावावर टिटवी ओरडत होती. ती गप्प झाली.

“आधी वाटलं, मागच्या बाकावरून कोणी चेष्टा करतंय. मॅडमनी सगळ्यांना बाहेर काढलं. दार लावलं. पुन्हा नाव घेतलं. रिकाम्या बाकावरून आवाज आला. मॅडम त्या दिवसापासून रजेवर आहेत.”

“आयटीआयच्या पोरांचे आवाज?”

“नाही ना! त्यांचे असते तर गोष्ट वेगळी होती. हे... ज्यांची नावं, त्यांचेच आवाज. मी ओळखतो एक.”

“बाकीचे?”

कापगत्यांनी खाली पाहिलं. बाकीचे त्यांना ओळखू येत नव्हते.

“हजेरीपटातून नावं काढून टाकली,” ते घाईनं म्हणाले. “खोली बदलली. सत्यनारायण घातला. शेवटी वर्गाला कुलूप लावलं. तर आता कोणी पुकारत नाही, तरी घंटा झाली की आतून सुरू होतं. एकामागून एक. हजर, हजर, हजर. मध्येच जरा वेळ शांत... जणू कोणी पुढचं नाव घेतंय. मग पुन्हा हजर.”

“मंग चांगलंच आहे की बाप्पा. हजेरी वाढली तुझी.”

“थट्टा करू नका, गुरुजी!”

ओरडल्यावर त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं. रुबाबात राहणारा हा माणूस, पण त्या घटकेला त्याची कीव यावी असाच दिसत होता.

“नवे प्रवेश सुरू झालेत. आईबाप फाटकापर्यंत येतात, घंटा होते, ते ऐकतात आणि पोरांना घेऊन माघारी जातात. एकही अर्ज नाही. असंच चाललं तर वरून पत्र येईल आणि कॉलेज बंद होईल. या अख्ख्या झाडीपट्टीत दुसरं सरकारी कॉलेज नाही. अ श्रेणीचं काय लोणचं घालू?”

“मेली का रे ती पोरं?”

“कोणी मेलं नाही. शिपायाला पाठवून तेवढं विचारून घेतलं. कोणी गुरं राखतंय, कोणी नागपूरला हॉटेलात, दोघींची लग्नं झाली. भूत असतं तर उतारा टाकला असता हो. जिवंत माणसाला कसला उतारा?”

बुवांनी समई थोडी आपल्याकडे ओढली.

“ओळखलास तो आवाज कोणाचा?”

“यमुना टेकाम. बाकीचे नुसतं ‘हजर’ म्हणतात. ती म्हणायची, ‘हजर आहो जी.’ वर्ग हसायचा. ती मात्र रोज तसंच म्हणायची.”

“तुला बरं आठवतं.”

“माझ्याकडेच होती ना. शिक्षक-पालक योजना आहे आमच्याकडे. एकेका शिक्षकाला थोडी थोडी मुलं वाटून देतो. त्यांच्या अडीअडचणी पाहायच्या, धीर द्यायचा. समितीनं फार कौतुक केलं योजनेचं.”

“म्हणजे तू तिचा पालक.”

“योजनेपुरता.”

“कुठं आहे ती?”

“तेलंगणात गेली म्हणे. मिरची तोडायला. घरच्यांबरोबर.”

“गेली कशाला?”

कापगत्यांनी सतरंजीचा एक दोरा उपटला.

“वसतिगृहात जागा मिळाली नाही तिला. गाव लांब, एसटी एकच, तीही पावसात बंद. एकदा आली होती माझ्या केबिनशी. दारात उभी राहिली. मी फोनवर होतो. हातानं खूण केली... नंतर ये म्हणून.”

“मंग?”

“नंतर आली नाही.”

“तू गेलास?”

“कुठं?”

“तिच्या घरी.”

“गुरुजी...” कापगते हसले, पण ते हसू काही जमलं नाही. “एक मुलगी असती तर गोष्ट वेगळी. निम्मा वर्ग आहे! प्राचार्यच दारोदार हिंडायला लागला तर कॉलेज कोण चालवेल? मला कागद असतात, मीटिंगा असतात. म्हणून तर तुमच्याकडे आलो. काहीतरी तोडगा सांगा. एखादा जप, एखादं व्रत. सांगाल ते करतो. फक्त तो आवाज बंद झाला पाहिजे.”

“आवाजच बंद करायचा?”

“दुसरं काय?”

दाराबाहेर अंधार उतरला होता. तलावाच्या पायऱ्या वरच्या दोनचार दिसत होत्या, खालच्या पाण्यात गेल्यासारख्या वाटत होत्या. वारा नव्हता. कापगत्यांना उगाचच वाटलं की आपण इथं यायला नको होतं.

“सरळ बस,” बुवा म्हणाले.

कापगते सरळ बसले.

“हाताची घडी घाल.”

“गुरुजी, मी आता काय लहान—”

“घाल.”

त्यांनी घडी घातली. बोटांना ती सवय अजून होती. डॉक्टरेट, गाडी, शिपाई, सगळं कुठल्या कुठे गेलं आणि ते चौथीच्या वर्गात बसले. खरं सांगायचं तर त्यांना थोडं बरंही वाटलं. गुरुजींनी मनावर घेतलं आहे, आता काहीतरी होईल, असं वाटलं.

बुवांनी डोळे मिटले. आवाज चढवला नाही. पूर्वी शाळेत घ्यायचे तसंच त्यांनी नाव घेतलं, आडनाव आधी आणि बापाचं नाव शेवटी.

“कापगते प्रल्हाद श्रावण.”

कापगत्यांनी तोंड उघडलं.

“हजर आहो जी.”

आवाज दारातून आला.

कापगत्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं. शब्द त्यांच्या जिभेवर आला होता, पण तो त्यांनी उच्चारलाच नव्हता. आवाज मुलीचा होता. थकलेला, लांबून चालत आल्यासारखा. त्यामागून खोकला आला. मिरचीच्या ढिगाऱ्याजवळ दिवसभर बसणाऱ्यांना येतो तसला कोरडा, न थांबणारा खोकला.

ते गर्रकन वळले. दारात कोणी नव्हतं. पायऱ्यांवर कोणी नव्हतं. खोकला मात्र चालू होता, उंबऱ्याच्या अगदी पलीकडे.

“गुरुजी... तीच आहे. तीच! पण ती माझं नाव... तिनं माझ्या नावाला ओ दिली!”

बुवांनी डोळे उघडले होते. ते दाराकडे पाहत होते.

“तो मी नव्हतो, गुरुजी. मी इथं आहे. हा काय मी इथं बसलोय! हजर! मी हजर आहे!”

बुवांची मान हलली नाही.

कापगत्यांनी पुढे सरकून त्यांचा गुडघा धरला. हलवला. म्हाताऱ्यानं गुडघ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माशी बसली असती तरी त्यानं हात हलवला असता.

“गुरुजी, माझ्याकडे बघा ना... एकदा बघा...”

बाहेरचा खोकला थांबला. उंबऱ्यापाशी कोणीतरी उभं राहिल्याची चाहूल लागली. आत यावं की नाही अशी ती चाहूल तिथंच घुटमळली.

बुवांनी समई उचलून उंच धरली. कापगते बसले होते त्या सतरंजीवर उजेड पडला. बुवांनी ती हातानं झटकली, नीट सारखी केली आणि दाराकडे पाहून मायेनं म्हणाले,

“ये माय, आत ये. बाहेर उभी नको राहू... ही जागा रिकामीच आहे.”