कुसळगडाच्या उंबऱ्यावरच्या दोन वाट्या

कुसळगडाचा मोठा दरवाजा केव्हाच पडला. बुरूजही बरेचसे ढासळले आहेत. पण दरवाजाच्या डाव्या अंगाला एक बुटकी कोठडी आहे, ती मात्र शाबूत आहे. तिला दार नाही. बिजागरीची भोकं आहेत, कडीची खाच आहे, दार तेवढं नाही. आणि तिच्या दगडी उंबऱ्यावर, बाहेरच्या बाजूला, शेजारी शेजारी दोन वाटोळे खळगे आहेत. एक चांगला खोल, मोठ्या वाटीएवढा. दुसरा अगदी उथळ, बोटांनी चाचपला तरच कळतो.

गडावर येणारे लोक तोफ कुठे, टाकं कुठे असं विचारतात. खाली कुसळवाडीत राहणारे रखमाजीबाबा गुरव त्यांना सगळं दाखवतात, पण शेवटी या उंबऱ्याशी आणून बसवतात. बसताना खळग्यांवर पाय पडू देत नाहीत. पाणी प्या म्हणतात, कुठले, कुणाचे, सोबतची मुलगी कितवीला आहे हे सगळं विचारून घेतात, आणि मग सांगायला लागतात.

तेव्हा गडावर राजा होता. राज्य लहान, डोंगराएवढंच. त्याच्या वर थोरला दरबार होता, चार दिवसांच्या वाटेवर. राजाचं नाव मालोराव. वाईट नव्हता, असं सांगतात. घोड्यांचं वेड होतं एवढंच. एका वर्षी त्याने हुकूम काढला की डोंगरावरचं गवत यापुढे गडाच्या घोड्यांचं. गावाची गुरं वर दिसली तर गुरं गडावर जमा.

आता कुसळवाडी म्हणजे दुधाचं गाव. डोंगराचं गवत गेलं तर उरलं काय? सटवोजी म्हणून एक जण होता, चार म्हशींचा धनी, फार बोलणारा नव्हे. तो दरबारात गेला आणि म्हणाला, गड तुमचा आहे राजे, गवत डोंगराचं आहे. एवढंच बोलून तो परत आला, आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या गावाची गुरं घेऊन गडाच्या दरवाजात उभा राहिला. गुरं तीन दिवस हलली नाहीत. आत घोडे उपाशी, बाहेर गुरं उपाशी. शेवटी शिपाई धावून आले, गुरं पांगली, आणि सटवोजी दिसेनासा झाला.

तो कुठे होता हे त्याची बायको भागाई हिला ठाऊक होतं. आणि नकळत आणखी एकीला ठाऊक होतं. ती शेजारीण, ठकूबाई.

ठकूबाईचं घर सटवोजीच्या घराला लागून. मध्ये कारवीचा कूड. त्या कुडाला एक भोक होतं आणि ते काही आपोआप पडलेलं नव्हतं. ठकूबाई मनाची मोठी होती. कुणाचं बाळंतपण असो, कुणाची गाय अडलेली असो, आधी हजर. पण शेजारच्या घरात काय शिजतंय हे कळल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. तर तिने त्या भोकातून पाहिलं की भागाई एकटी असून टोपलीत पाच भाकऱ्या ठेवते. गोठ्याच्या माळ्यावर कुणी असेल हे तिच्या डोक्यातही आलं नाही. तिला फक्त नवल वाटलं. आणि नवल पोटात ठेवायचं तर ती ठकू कसली? सकाळी पाणवठ्यावर ती बायकांना म्हणाली, बघा बाई, नवरा परागंदा, आणि हिची भूक वाढली!

पाणवठ्यावर गडाचा एक शिपाई घोड्याला पाणी पाजत होता.

दुपारी सटवोजीला माळ्यावरून उतरवून नेलं. भागाई रडली नाही. तिने शिंक्यावरचं विरजणाचं मडकं काढलं, अंगणात आणलं आणि उकिरड्यावर उपडं केलं. मग कुडापाशी येऊन त्या भोकात शेणाचा गोळा लावला.

त्या दिवसापासून कुसळवाडीत दही लागेना.

हे असं कसं, असं पाहुणे इथे हमखास विचारतात. बाबा म्हणतात, विरजण म्हणजे काय? याच्या घरचं त्याच्या घरी, त्याच्या घरचं पुढच्या घरी. गावातलं सगळं विरजण मुळात सटवोजीच्या आजीच्या मडक्यातलं. म्हणे बायकांनी दूध तापवलं, निववलं, घरातलं विरजण लावलं, झाकून ठेवलं, आणि सकाळी पाहिलं तर दूध तसंच. नासलेलं नाही, आंबलेलं नाही. निळसर, शांत, जसं काही कुणाची वाट बघत बसलेलं. चिंच घालून बघितली, लिंबू पिळून बघितलं. फुटायचं, पण लागायचं नाही. ताक नाही, लोणी नाही, तूप नाही. गडावर राजाच्या मुदपाकखान्यातही तेच, कारण तिथलं विरजणही कधीतरी या गावातूनच गेलेलं. पहाटे डोंगर धुक्यात बुडालेला आणि घराघरात दुधाची भांडी भरलेली, त्यामुळे बाहेर पांढरं आणि आत पांढरं. लहान मुलांना धुकं कुठे संपतं आणि दूध कुठे सुरू होतं हे कळत नसे.

इकडे गडावर वेगळाच घोळ चालला होता. सटवोजी कोठडीत होता आणि आजूबाजूच्या गावांत त्याच्या नावाने नवस बोलले जात होते. राजाचे कारभारी त्रिंबकपंत शहाणे होते. त्यांनी राजाला समजावलं की हा आत मेला तर देव होईल, आणि तसाच सोडला तर उद्या बाकीची गावंही दारात गुरं आणून उभी करतील. तेव्हा सोडायचं, पण माफी मागायला लावून. पंतांनी सुंदर अक्षरात कागद तयार केला. त्यात दोनच ओळी होत्या. मी चुकलो. महाराजांनी उदार मनाने क्षमा करावी. खाली अंगठा उठवला की दार उघडं.

दर पौर्णिमेला पंत कागद घेऊन कोठडीशी येत. सटवोजी दर पौर्णिमेला तेच सांगे.

"पंत, मला घरी जायचंय. फार जायचंय. पण मी चुकलो असं लिहून दिलं, की गवत त्यांचं झालं."

पंतांनाही हे कळत होतं. त्यासाठीच तर कागद होता.

खाली ठकूबाई वाळून चालली होती. तिला कुणी बोललं नाही, हीच शिक्षा. भागाई पाण्याला जाताना तिच्याकडे अशी बघे, जसं तिथे नुसतं अंगण आहे. एके दिवशी ठकूने आपली काशाची मोठी वाटी घासली आणि रिकामीच भागाईच्या उंबऱ्यावर ठेवली. विरजण मागायला शेजारणी ठेवत तशी. माफी मागायला तिला तोंड नव्हतं, आणि इतकं बोलणाऱ्या त्या बाईला शब्दही सुचत नव्हते. भागाई बाहेर आली. वाटीकडे बघत राहिली.

"माझ्याकडे नाही आता," ती म्हणाली. "ज्याचं गेलं त्याच्याकडे माग."

म्हणून ठकू गड चढली. गडावर दूध घालणाऱ्या बायांबरोबर ती पहाटे निघे, कोठडीशी येई, आणि उंबऱ्यावर वाटी ठेवून बाजूला बसे. काही बोलत नसे. ऊन वर आलं की रिकामी वाटी उचलून खाली जाई. पहारेकरी हसत. म्हातारीला भीकही मागता येत नाही, म्हणत. पाऊस असो, थंडी असो, ती येई. दाराच्या फटीतून सटवोजीला तिचे पाय दिसत आणि वाटी दिसे. तोही काही बोलत नसे. अशी पाच वर्षं गेली, असं सांगतात. धुक्यात वर चढणारी ती आकृती गावाला इतकी सवयीची झाली की ती दिसली की बाया धारा काढायला बसत.

एका सकाळी आतून आवाज आला.

"वैनी, पाणवठ्यावर किती भाकऱ्या सांगितल्यात?"

ठकू फटीजवळ सरकली. "पाच, भावजी."

"सहा होत्या. एक मी चुलीपाशी बसून तव्यावरचीच खायचो. एवढं भोक पाडलंत आणि नीट बघितलं नाहीत."

ठकू हसली की रडली हे पहारेकऱ्यांना सांगता आलं नाही. कैद्याला भाकरीबरोबर घोटभर दूध मिळे. सटवोजीने दाराच्या फटीतून हात काढला आणि ते दूध उंबऱ्यावरच्या वाटीत ओतलं. ठकू पदराखाली वाटी धरून गड उतरली. भागाईच्या अंगणात येऊन तिने पदर काढला, तर वाटीत दही लागलेलं होतं. घट्ट, असं की वाटी कलती केली तरी हलेना.

भागाईने त्यातलं चमचाभर घेतलं, आणि कुडाच्या भोकातला शेणाचा गोळा बोटाने काढून टाकला.

आठवड्यात साऱ्या गावात दही लागलं. ज्याला हवं त्याने शेजारी रिकामी वाटी ठेवायची, आणि शेजाऱ्याने भरायची. गडावर मात्र तेच विरजण नेलं तरी लागेना. गडाचा उंबरा ओलांडला की दही पुन्हा दूध होऊन जाई. मुदपाकखान्यातल्या बाया कुजबुजू लागल्या.

आणि नेमकं तेव्हाच राजाला थोरल्या दरबाराचं बोलावणं आलं. त्याला मुलगा नव्हता. भावाचा मुलगा दत्तक घ्यायचा होता, त्याला थोरल्या दरबाराची मान्यता हवी होती, आणि दसऱ्याच्या आत पोहोचलं नाही तर राज्य खालसा. निघायचा दिवस ललिता पंचमीचा ठरला. घोडे सजले. राजाची आई उंबऱ्याशी उभी राहिली, आणि तिच्या हातात मुलाच्या तळव्यावर घालायला दही नव्हतं. हातावर दही घेतल्याशिवाय आपल्याकडे मूल परीक्षेलाही जात नाही. मग राज्य वाचवायला निघालेला राजा कसा जाईल? म्हातारी म्हणाली, मी नाही जाऊ देणार.

पंत म्हणाले, गावातून आणवू. राजा म्हणाला, आणलंत ना चार वेळा. मग तो खिडकीशी गेला. त्याच्या खिडकीतून कोठडीचा उंबरा दिसत असे. पाच वर्षं त्याने रोज सकाळी एक बाई तिथे वाकताना पाहिली होती.

"पंत," तो म्हणाला, "तिला कधी काही मागताना ऐकलंत?"

"नाही महाराज. नुसती वाटी ठेवायची."

राजाने आईच्या देवघरातली लहान चांदीची वाटी घेतली आणि एकटाच खाली आला. त्या सकाळी धुकं असं उतरलं होतं, म्हणे, की माणसाला स्वतःचा हात दिसत नव्हता. घोडे नुसते फुरफुरताना ऐकू येत होते. त्यामुळे राजा उंबऱ्याशी किती वाकला हे कुणी पाहिलं नाही. वाटी दगडावर टेकल्याचा आवाज मात्र सगळ्यांनी ऐकला.

आत बराच वेळ काही हललं नाही. ठकू सवयीने त्या सकाळीही तिथेच बाजूला बसली होती. तिला वाटलं, आता हे दोघे आणखी पाच वर्षं असेच बसणार. तिला राहवलं नाही. तिने दाराच्या फटीला तोंड लावलं.

"भावजी, वाटी ठेवलीय. ठेवणारा कोण, ते बघायचं नसतं."

मग फटीतून हात बाहेर आला आणि चांदीच्या वाटीत दूध पडलं. बघता बघता ते लागलं.

"आजच्यापुरतं आहे," सटवोजी आतून म्हणाला. "उद्याचं गुरं चरली तर."

राजाने दही तळव्यावर घेतलं, चाटलं, आणि कोठडीची कडी स्वतःच्या हाताने काढली. दार उघडलं नाही, नुसती कडी काढली. मग तो धुक्यात घोड्याकडे गेला. पंत मागून धावत आले आणि हळूच विचारू लागले की दप्तरात काय लिहायचं, कैद्याने क्षमा मागितली की महाराजांनी दिली?

"तिथी लिहा," राजा म्हणाला.

राज्य वाचलं. गवताचा हुकूम राजाने कधी मागे घेतला नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून डोंगरावर पहारा बसला नाही, आणि गुरांना हुकूम वाचता येत नव्हता. गडावरचे लोक शेवटपर्यंत सांगत राहिले की राजाने सटवोजीला माफ केलं. कुसळवाडीचे लोक सांगत राहिले की सटवोजीने राजाला माफ केलं. यावरून कधी भांडण झालं नाही. सटवोजी घरी गेला तेव्हा भागाईने सहा भाकऱ्या केल्या. ठकूबाईने त्यानंतर शेजाऱ्यांच्या टोपलीत डोकावणं कायमचं सोडलं, असंही काही जण सांगतात, पण त्यावर कुसळवाडीत कुणाचा विश्वास नाही. सहा झाल्या हे मग कळलं कसं?

आजही कुसळवाडीत ललिता पंचमीच्या सकाळी कुणी आपल्या घरचं विरजण लावत नाही. ज्याच्याशी अबोला असेल त्याच्या उंबऱ्यावर रिकामी वाटी ठेवायची आणि मागे न बघता घरी यायचं. माफी मागायची नाही, चूक कुणाची ते काढायचं नाही. संध्याकाळपर्यंत वाटी भरून परत येते. एखाद्या वर्षी येत नाही. मग पुढच्या वर्षी पुन्हा ठेवायची.

एवढं सांगून रखमाजीबाबा उठतात. खळगे बघून पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारतंच, की यातला राजाचा तो खोल असेल ना?

"राजाचा हा," बाबा म्हणतात, आणि विचारणाऱ्याचं बोट उथळ खळग्यात फिरवून दाखवतात. "तो एकदाच वाकला."