विझलेल्या दिव्याची तक्रार

डोरीन अ‍ॅक्रॉइडबाई या थॉर्नबेक नावाच्या इंग्लिश गावात एकतीस वर्षं नगरसेविका होत्या. दर शनिवारी वाचनालयात बसून त्या लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. कुणाचं गटार तुंबलेलं, कुणाच्या गल्लीतला दिवा गेलेला. शेवटी पक्षाने त्यांना लंडनला संसदेच्या वरिष्ठ सभागृहात पाठवलं, तेव्हा त्यांचे गुडघे पार कामातून गेले होते. तिथेही त्यांनी पहिलाच प्रश्न दिला तो गावच्या बंद पडलेल्या बसचा.

वंशपरंपरेने तिथे बसणारे लॉर्ड हॅविंगहॅम चहाच्या वेळी म्हणाले, "बाई, तो प्रश्न मागे घ्या. असल्या किरकोळ तक्रारी इथे शोभत नाहीत. आमच्या चौदा पिढ्या या सभागृहात बसल्या, पण आमच्या दारात तक्रार घेऊन कधी कुणी आलं नाही!"

"एकसुद्धा माणूस नाही?"

"एकसुद्धा नाही," लॉर्डसाहेब छाती फुगवून म्हणाले.

बाई टेबलाला धरून कशाबशा उठल्या. प्रश्नाचा कागद त्यांनी हातात घेतला.

"नवल नाही, साहेब. दिवा विझला की लोक तक्रार करतात, कारण तो कधीतरी पेटलेला त्यांनी पाहिलेला असतो."