एका खिडकीची खोली

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव आता कुणालाच सांगता येत नाही. तेही बरंच आहे. मग ज्याला त्याला ते आपल्याच गावाच्या पलीकडे होतं असं म्हणता येतं.

त्या राज्यात एक रीत होती. प्रत्येक माणसाचं जिवंतपणी एक चित्र काढून घ्यायचं आणि ते फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवून द्यायचं. माणूस गेलं, की दर वर्षी त्याच्या दिवशी ते चित्र खाली काढायचं, पंगतीच्या सुरुवातीला मांडायचं आणि पहिलं पान त्याला वाढायचं. नव्याने घरात आलेल्या सुना, मागून जन्मलेली नातवंडं, यांना गेलेलं माणूस भेटायचं ते असं. त्यामुळे चिताऱ्याला तिथे मोठा मान होता. पण त्याची चूक दुरुस्त होण्यासारखी नसे, कारण ती कळायची तेव्हा फार उशीर झालेला असायचा.

अशाच एका चिताऱ्याची ही गोष्ट. नदीकाठी त्याचं घर होतं आणि घराला लागून एक बारकी खोली. खोलीला एकच खिडकी, तीही उत्तरेची. ऊन आत येत नसे, पण उजेड दिवसभर सारखा राही. खिडकीपाशी एक पाट, समोर चिताऱ्याची बैठक आणि मध्ये रंगांच्या करवंट्या, एवढाच पसारा.

चित्र काढून घ्यायला कुणी आलं, की चितारी लगेच कुंचला उचलत नसे. तो गप्पा मारत बसे. पेरणी झाली का, गाय व्याली का, धाकटीचं कुठे जमलं का. आपण कशासाठी आलोय हे समोरचा माणूस विसरला, की याची पहिली रेघ उमटायची. कधी कधी त्यात अख्खा दिवस जाई. चिताऱ्याला त्याची घाई नसे आणि माणसांनाही नसे.

खोलीच्या आतल्या दारात चिताऱ्याची आई वाती वळत बसलेली असायची. तिची एक खोड होती. कुणी आत आलं की ती आधी त्याच्या पायांकडे बघायची आणि मग तोंडाकडे. पाय धुऊन आलास का आणि जेवून आलास का, हे दोन्ही प्रश्न त्या एका बघण्यात असत. भलेभले लोक उंबऱ्यावरून मागे वळून पाय धुऊन येत. सुनेला मात्र त्या बघण्याचा जाच वाटे. ‘पाय धुतलेले असले तरी पुन्हा धुवावेसे वाटतात,’ असं ती माहेरी गेली की सांगायची.

एकदा राजाने या चिताऱ्याकडून आपलं चित्र काढून घेतलं आणि त्याला ते इतकं आवडलं, की त्याने टेकडीवर एक चित्रशाळाच बांधून दिली. ऐसपैस दालन, भिंतीभर आरसे, ओळीने उंच समया. बागा आणि राजवाडे रंगवलेले पडदे. पेटारे भरून शालू, पगड्या आणि खोटे दागिने. हाताखाली मदतनीस. चिताऱ्याच्या बायकोला आभाळ ठेंगणं झालं, आणि का होऊ नये? नवऱ्याने आयुष्यभर करवंट्या धुतलेल्या तिने पाहिल्या होत्या.

मग कामाची पद्धतच बदलली. मदतनीस आधी पडदा, शालू, दागिने रंगवून ठेवत आणि चेहऱ्याची जागा तेवढी कोरी सोडत. चितारी शेवटी येऊन ती भरून टाकी. गप्पांना वेळ नव्हता, बाहेर ओसरीवर माणसं खोळंबलेली असत. आरसे आणि समया मिळून उजेड चहूबाजूंनी यायचा, त्यामुळे चेहऱ्यावर सावली अशी पडायचीच नाही. सुरकुत्या बुजायच्या, थकवा पुसला जायचा. लोक खूश होऊन घरी जायचे. सावली गेली तर बिघडलं काय, असं हळूहळू चिताऱ्यालाही वाटू लागलं.

घराशेजारची ती खोली अडगळीची झाली. मोडक्या चौकटी आणि विटलेले पडदे तिथे जाऊन पडले. उंदीर येतात म्हणून चिताऱ्याने स्वतःच्या हाताने तिची खिडकी मातीने लिंपून टाकली.

अशी बरीच वर्षं गेली. एके दिवशी चित्रशाळेत एक कुंभारीण आली. तिचा नवरा वारला होता. त्याचं चित्र इथेच काढलेलं होतं आणि ते फडक्यात गुंडाळून ती परत घेऊन आली होती.

“दादा, तुमचं काही चुकलं असं म्हनत न्हाई मी,” ती म्हणाली. “शाल लई झ्याक काढलीया. पर काल त्यांचा दिवस झाला. आम्ही ह्यांना पंगतीला मांडलं, पयलं पान वाढलं. पोरगी जेवंना. दाराकडं बगत बसली. म्हनाली, ह्यो कोन पाव्हना हाय? बाबाचं चित्र कवा मांडायचं?”

चिताऱ्याने चित्र उलगडलं. गुळगुळीत, उजळ, शालीत गुंडाळलेला एक चेहरा. तो कुणाचाही असू शकला असता.

“मी दुसरं काढून देतो,” तो म्हणाला. त्याने डोळे मिटले आणि कुंभाराला आठवू लागला. शाल आठवली. मागचा पडदा आठवला, कमळांचा. चेहरा काही केल्या आठवेना. खरं तर त्याने तो कधी नीट पाहिलाच नव्हता. कुंभारीण वाट बघत उभी राहिली, आणि मग चिताऱ्याची मान खाली गेलेली पाहून तिने चित्र पुन्हा फडक्यात बांधलं.

“असू द्या,” ती म्हणाली आणि निघून गेली. ती भांडली असती तर चिताऱ्याला सोसवलं असतं.

त्या दिवशी घरी आल्यावर त्याला आईची आठवण झाली. म्हणजे आई घरातच होती, पण आपण तिचं चित्र अजून काढलेलं नाही हे त्याला आठवलं. सगळ्या राज्याची चित्रं काढणाऱ्याच्या घरी आईचं चित्र नव्हतं. आई आता फार थकली होती. वैद्याने तिच्या माघारी सांगितलं होतं, की थंडी सुरू झाली की तिचा भरवसा धरू नका.

दुसऱ्याच दिवशी त्याने आईला पालखीत घालून चित्रशाळेत नेलं. मदतनिसांनी तिला शालू नेसवला, आरशांच्या मधोमध बसवलं. समयांच्या झगमगाटाने म्हातारीचे डोळे दिपले. ती अवघडून, ओठ घट्ट मिटून बसली. परक्याच्या लग्नात आल्यासारखी ती इकडेतिकडे बघत होती. चिताऱ्याने चित्र पुरं केलं आणि घरी आणून बायकोला दाखवलं.

बायको परसातून आली होती, पाय मातीने भरलेले होते. ती तशीच चित्राजवळ आली, वाकून बघू लागली. “छान आलंय हो. शालूचे काठ काय खुललेत.”

चिताऱ्याने तिच्या मातीच्या पायांकडे पाहिलं. त्याने ते चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवून दिलं.

मग तो राजाकडे गेला आणि म्हणाला, “महाराज, चित्रशाळा परत घ्या.”

राजाच्या कपाळाला आठी पडली. “काय कमी पडलं तिथे?”

“कमी काही नाही. फार झालं. मला माणूस दिसेनासं झालंय.”

“पुन्हा मागायला आलास तर मिळणार नाही.”

“हो,” चितारी म्हणाला. त्याचा आवाज थोडा कापला. त्याला कापरं भरलं नसतं तर मी ही गोष्ट सांगितली नसती. सुखासुखी हातातलं सोडणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

बायकोने अबोला धरला, आणि अबोला सोडला तेव्हा बरंच बोलली. “लोक हसतील. म्हणतील, राजाने हाकलून दिलं. आणि त्या खुराड्यात बसून तुम्ही करणार काय?” थंडी मात्र जवळ येत होती.

त्याने अडगळ बाहेर काढली, खिडकीवरची माती खरवडली. पण चित्रशाळेतून निघताना त्याचा पाय अडखळला होता. एक आरसा तेवढा असू द्यावा, तो कधी ना कधी लागेल. दोन समया, पावसाळी दिवसांसाठी. कमळांचा पडदा, कारण तो फार कष्टाने रंगवला होता. एक पेटारा शालूंचा, एक पगड्यांचा. असं करता करता त्याने बैलगाडी भरून सामान आणलं आणि ते सगळं त्या खोलीत नीट रचलं. मग तो मोठ्या उत्साहाने आईला बोलवायला गेला.

आई काठी टेकत आली. उंबऱ्यात थांबली. तिने खोलीभर नजर फिरवली. आरसा, समया, पडदा, पेटारे. मग तिने मुलाकडे पाहिलं.

“मी कुठं बसू रे?”

तिने सरळ मनाने विचारलं होतं. तिला खरोखरच बसायचं होतं, पाय दुखत होते. चितारी जागा शोधू लागला. आरसा इकडे सरकवला तर समई आडवी येत होती. समई हलवली तर पेटारा दारात येत होता. आणि आई काठीला दोन्ही हात धरून उभीच होती.

तेव्हा चिताऱ्याला एकदम भरून आलं. त्याला कुंभार आठवला, जो कमळांच्या पडद्यापुढे असाच अवघडून बसला असेल. इतक्या वर्षांत इतकी माणसं आली, सगळ्यांसाठी शालू होता, आरसा होता. माणसाला माणसासारखं बसायला जागा तेवढी नव्हती.

त्याने आईला धरून बाहेर ओट्यावर बसवलं आणि सगळं सामान पुन्हा गाडीत चढवलं. आरसाही गेला, पडदाही गेला. पडदा घडी करताना त्याचा हात रेंगाळला, पण त्याने तोही टेकडीवर परत धाडला. पाट धुऊन खिडकीपाशी मांडला आणि म्हणाला, “ये आई. बस.”

आई बसली. तिने कनवटीचा कापूस काढला आणि वाती वळायला लागली.

पहिले काही दिवस चिताऱ्याचा हात त्याचं ऐकेना. सवयीने तो चेहरा उजळवून टाकी, सुरकुती बुजवून टाकी. मग ते खरवडून पुन्हा सुरुवात. आई बोलत होती. त्याच्या बापाबद्दल, एका वर्षीच्या पुराबद्दल, लहानपणी हा माती खायचा त्याबद्दल. खिडकीतला उजेड तिच्या एका गालावर पडे आणि दुसरा गाल सावलीत राही. त्या सावलीतच तिचं सगळं वय होतं. बोलता बोलता चितारी कुंचला विसरला, आणि मग कुंचला आपला आपण चालायला लागला.

चित्र पुरं झालं आणि थंडी पडली. वैद्याने सांगितलं होतं तसंच झालं. आई गेली. चिताऱ्याने चित्र फडक्यात गुंडाळलं, माळ्यावर ठेवलं आणि कुणालाही दाखवलं नाही. बायकोने मागितलंही नाही. खोलीत आता मोजकी माणसं येत, शालूची हौस असलेले टेकडीवर जात. तिथे जुन्या मदतनिसांचं बरं चाललं होतं. लोक थोडेसे हसलेही, आणि मग त्यांना हसायला दुसरं काहीतरी मिळालं.

वर्ष फिरून आलं. आईचा दिवस आला. चिताऱ्याने चित्र खाली काढलं, फडकं सोडलं आणि पंगतीच्या सुरुवातीला भिंतीशी मांडलं. पानं मांडली गेली. पाहुणे बसले. रीतीप्रमाणे पहिलं पान घरच्या सुनेने वाढायचं, म्हणून त्याची बायको परसातल्या चुलीवरून भाताचं पातेलं घेऊन लगबगीने आली.

उंबऱ्यातून आत पाऊल टाकलं आणि तिने समोर पाहिलं.

चित्रात म्हातारी खिडकीपाशी वाती वळत बसली होती. कुणीतरी नुकतंच आत आलं होतं. तिची नजर त्याच्या पायांवरून वर उचलली जात होती, अजून तोंडापर्यंत पोचायची होती.

सुनेने टाकलेलं पाऊल मागे घेतलं. पातेलं उंबऱ्याबाहेर ठेवलं. अंगणात जाऊन तिने पाय धुतले, घोट्यांपर्यंत, चोळून चोळून. पुन्हा आत आली, पहिलं पान वाढलं आणि पान वाढता वाढता पदर तोंडाला लावून रडायला लागली. “बघा ना,” ती कशीबशी म्हणाली, “अजून बघतायत.”

चितारीही रडला. पंगत थांबली, पण कुणी घाई केली नाही.

काही दिवसांनी ती कुंभारीण खोलीच्या दारात आली. या वेळी तिच्या हातात काही नव्हतं. तिने पाय धुतले आणि पाटाकडे पाहिलं.

“त्यांचं तर आता व्हायचं न्हाई, दादा. माझं काढून द्या. पोरीला उद्या मी तरी दिसाया पायजे.”

“बसा,” चितारी म्हणाला. त्याने कुंचला उचलला नाही. “आधी मला सांगा, पोरगी आता जेवते का?”

म्हणून सांगतो, लहानांनो आणि मोठ्यांनो: साधनं इतकी जमवू नयेत, की ज्याच्यासाठी जमवली त्या माणसालाच बसायला जागा उरणार नाही.